पोचा आलेलं पातेलं

गेवराई, रविवार, संध्याकाळ

मी खरंच जर्मनीला चाललेय का? नर्सच्या नोकरीसाठी दिवसभर जर्मन घोकते आणि डोळ्यांपुढं बर्फ पडत राहतो, गेवराईच्या धुरळ्यावर.

आईला जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. चहाचं ते जर्मनचं पातेलं, काठाला पोचा आलेलं, आज तिनं माझ्या बॅगेत ठेवलं. लग्नात लेकीच्या भांड्यांवर नाव टाकतात, तसं भांडीवाल्याकडून टाकूनही आणलंय. बोट फिरवत वाचलं. पोच्याजवळ तिचंच नाव!

"आई, माझं कावून न्हाई टाकलं?"

पदराला हात पुसत म्हणाली, "तू तर चाललीच हायस. मला कोण नेतंय? नाव तरी जाऊ दे."