ज्वारीतली माणसं

११ सप्टेंबर १९७६

शाळेत आज नऊ पोरं! बाकीची बापांना भाकरी पोचवायला गेली. नसबंदीची जीप फिरते म्हणून गावातले बाप्ये चार दिवसांपासून ज्वारीत लपलेत. पीक डोक्यावर गेलंय, माणूस दिसत नाही.

स्वतःच्या गावात सशासारखं दडून राहायचं!

१३ सप्टेंबर

तालुक्याचे साहेब शाळेत. "प्रत्येक मास्तरामागे नसबंदीच्या दोन केसेस. नाहीतर घरी बसा."

मी म्हणालो, देह ज्याचा त्याचा. सरकारनं तो दिलेला नाही, सरकारला मागता येत नाही.

हसले. "वाचन दांडगं आहे तुमचं. असं बोलणारे सध्या जेलात आहेत."

शाळा सुटल्यावर घरापर्यंत जवळजवळ धावतच आलो. रागानं की भीतीनं? — दोन्ही.

१४ सप्टेंबर

बायको, शरयू, म्हणाली, "नोकरी जाऊ द्या. नावं देऊ नका." नाही देणार.

१७ सप्टेंबर

सकाळी चिंधूची बायको कमलाबाई दारात. चिंधूला ज्वारीत विंचू चावला, तरी घरी येत नाही. गेल्या साली त्यांचा मुलगा गेला. आता एक पोरगीच. "आमाले अजून एक लेकरू पाहिजे, गुरुजी. तुमी साहेबाशी बोला ना. तुमचं बोलनं कोनी टाळत नाई."

तालुक्याला गेलो. अर्धा तास बोललो. साहेबांनी शांतपणे एक पत्र पुढे केलं — कोणावरही सक्ती करू नये. "कोण सक्ती करतंय? हेच लोकांना सांगा. तुमचं ऐकतात."

पत्र दोनदा वाचलं. खाली शिक्का होता. जिंकलो!

१९ सप्टेंबर

कर्णा घेऊन बांधावर उभा राहिलो. "बाहेर या! तुमच्यावर कोणाची सत्ता नाही! माणूस जन्मतो तोच मोकळा!" आवाज काय लागला होता! ज्वारी हलली. एकेक जण बाहेर आला. चिंधू लंगडत, हसत — "गुरुजी बोलले म्हंजे खरंच असन."

जीप नाल्यापलीकडे उभी होती. एक नव्हे, दोन.

अकरा जण नेले. चिंधू मागच्या फळीवरून माझ्याकडे बघत होता. मी पत्र, पत्र म्हणून ओरडत धावलो. कर्णा हातातच होता. तोंडाला लावायचं सुचलं नाही.

२० सप्टेंबर

लिहवत नाही.

२६ सप्टेंबर

चिंधू घरी आलाय. गेलो. कमलाबाईनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "तुमचा आवाज नसता त माह्या मानूस भाईर आला नसता."

१ ऑक्टोबर

टपालानं अभिनंदन! अकराही केसेस माझ्या नावावर. सोमवारी समुद्रपूरला सत्कार. शाल, श्रीफळ, आणि 'दोन शब्द बोलावेत'.

बोलतोच! सगळं उघडं करतो. जेल तर जेल!

चिंधूला सांगायला गेलो. अंगणात बाजेवर पडला होता. सगळं ऐकून घेतलं.

"मंग पुन्हा तुमीच बोलनार? आमच्याबद्दल?"

तुमच्यासाठीच, म्हणालो.

"मले इचारलं काय, गुरुजी? तवाही नाई इचारलं. आताही नाई."

शरयूला हे सांगितलं. मग परत चिंधूकडे गेलो आणि या वेळी आधी विचारलं — सोमवारी येशील का?

४ ऑक्टोबर

समुद्रपूर. माझं नाव पुकारलं. मी बसून राहिलो. शेजारून चिंधू उठला आणि माइककडे गेला.