गलबतानं दिलेली ओ

बा, तू गेलास त्याला नऊ वर्षं झाली आणि मी तुला अजून माफ केलेलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण चौथी अर्धी सोडलेला मी, माझं लिहिणं मधेच कुठंतरी भरकटतं.

धुईची, दाट धुक्याची ती सकाळ. मी अठराचा. तू, मी आणि तुझा जोडीदार मासळी घेऊन परत येतोय आणि खाडीचं तोंड दिसत नाही. तू सुकाणूवर, तोंडाला शंख. आपल्याकडं धुईत घर असंच शोधतात, शंख फुंकायचा आणि कडा कुठून ओ देतो ते ऐकायचं. तिवरांचं रान आवाज गिळतं, वाळू गप्प राहते, खाडीच्या तोंडाशी डाव्या अंगाला असलेला कडा मात्र तो जसाच्या तसा परत फेकतो. ओ डाव्या हाताला आली की होडी उजवीकडं वळवायची, की सरळ खाडीत. तू फुंकलंस. डावीकडून जोरात ओ आली. मी नाळेवरून, होडीच्या पुढच्या टोकावरून, मागं वळलो, तर म्हणालास, "तुला काय कलतंय? गप ऱ्हा." होडी वळली आणि खडकावर फुटली.

तिघंही पोहून निघालो. धुई विरली तेव्हा खाडीबाहेर कौलं वाहणारं एक गलबत नांगरलेलं दिसलं. त्याच्याच उंच लाकडी बाजूवर आपटून तुझा आवाज परत आला होता. तू ते पाहिलंस, आणि तुला पाहताना मी पाहिलं. तरी किनाऱ्यावर सगळ्या कोळीवाड्यासमोर म्हणालास, "पोरानं बोट दावलं म्हणून वळवली. बहिरा हाय तो."

मग मला कुणी होडीवर घेईना. पोरी हातवारे करून विचारायच्या, "बहिऱ्या, जेवलास का?" मी निघालो. आगबोटीवर कोळसा ओढला, हरिहरेश्वरी यात्रेकरूंची ओझी वाहिली. तिथं कड्याखाली एक टाळी वाजवली की दोन ऐकू येतात. तळा गावात एका कोरड्या विहिरीत हाक मारली तर पारवा उडून तोंडावर आला, आणि विहिरीची मालकीण म्हातारी मला ताक पाजत तिच्या सुनेचं गाऱ्हाणं... ते राहू दे. जिथं गेलो तिथं मी आवाज टाकून पाहिला, फक्त तुला खोटं पाडायला.

मागच्या आठवड्यात आगरदांड्याला तुझा तो जोडीदार भेटला. त्याच्या डोळ्यांवर मी मुंडासं बांधलं, होडीत बसवून नांगरलेल्या एका गलबतासमोर नेलं आणि शंख फुंकला.

"काका, काय हाय समोर?"

"कडा. दुसरा काय?"

मुंडासं सोडलं. त्यानं समोरचं गलबत पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे बापूस तुजा चुकला. व्हय. होलीला मीच सांगतो वाड्यात सगल्यांना." बा, इतकं गोड मला आजवर काही लागलं नव्हतं. तुझं नाव जिथं मोठं आहे तिथंच ते पडेल, आणि मी समोर उभा असेन.

पण होडी ओढून घेताना त्यानं विचारलं, "त्या दिशी तुला कायच आयकू आला न्हवता का रं?"

बानं गप्प बस म्हटलं होतं, एवढंच मी बोललो. खोटं नाही ते. बाकीचं तुला सांगतो, कारण हा कागद कुठंच जायचा नाही. उजवीकडून दुसरी ओ आली होती. बारीक, कडक, खडकाची. ओरडायला वेळ होता. तू एकदा तरी चारचौघांत चुकावास असं मला वाटलं, आणि मी गप्प राहिलो.