वांदर वांदरच कावून राहिलं?

भांडकुदळ पण प्रिय दादा,

शुद्ध भाषेत लिहायला बसली होती. दोन कागद फाडले. तुह्याशी मी जन्मात कधी शुद्ध बोलली नाही, आता तू मेल्यावर कावून बोलू? तू तिथूनच हसशील, "पाह्य बाप्पा, आमची सुमी पुण्याची झाली!"

आज कावून लिहून राहिली, ते आधी सांगते. सकाळी वयनीनं गोठ्याच्या माळ्यावरून तारेचं भेंडोळं खाली काढलं. तीच तार, दादा, जिनं तुले खाल्लं. परवा रानडुकरांनी वावरातला अर्धा मका लोळवला. वयनी म्हणे, "सुमे, लावून दे करंट. मी ध्यान ठेवीन. तुह्या भावासारखी भैताड नाही मी." आणि भेंडोळं माह्या पायाशी आपटलं. उद्या तुहं वर्षश्राद्ध, आणि आज तुही बायको तुले भैताड म्हणते!

तुले, ज्याले अकलेशिवाय दुसरा विषय नव्हता! अकोल्याले जठारपेठेत खोली करून तू तीन वर्षं शिकला. परीक्षा काही पार पडली नाही, पण डोक्यात एक प्रश्न तेवढा घेऊन आला. मी नवऱ्याचं घर सोडून इथं आली, त्या दिवशी तू "कावून आली" असं विचारलं नाही. बांधावरच्या वांदराकडे बोट दाखवलं अन् म्हणे, "सुमे, वांदराचा माणूस झाला म्हणतात, मंग हे वांदर वांदरच कावून राहिलं?" मी म्हटलं, "काही माणसंबी वांदरच राहतात, माह्या नवऱ्याकडे पाह्य." किती हसला होता तू! मंग समजावून सांगितलं, की आपण काही या वांदरापासून झालो नाही. दोघांचा आजा एक, वाटा वेगळ्या. ते काही माणूस व्हायच्या रांगेत उभं नाही, त्याले पाल्यावर जगायचं आहे अन् ते मजेत जगते. मोठं डोकं मोक्कार अन्न खाते, म्हणे. दिवसभर पाला चावून पोट भरता भरत नाही, तं एवढं मोठं डोकं कशाच्या भरवशावर पोसीन?

आठवते का वांदरांच्या कळपातला तो नवा हुप्प्या? जुन्याले फाडून त्यानं कळपातून हाकललं, अन् दोन दिवसांनी चिंचेखाली एका मायच्या पोटावरून पिल्लू ओढून त्याच्यात दात घातले. पिल्लू आपल्या वांग्यांत येऊन पडलं, आतडी बाहेर. माय किंचाळून किंचाळून अर्धी झाली. मी दगड उचलला. अन् चार दिवसांनी तीच माय त्याच हुप्प्याच्या पाठीतल्या उवा काढत बसलेली! मी तुले विचारलं, "इले काही आठवत नसीन का रे?" तू मंग म्हणे, "आठवत असीन. पण सांगीन कोणाले? तिच्या डोक्यातलं तिच्यासंगंच मरणार."

मंग वावराभोवती लावलेल्या करंटच्या तारेवर पयलं डुक्कर मेलं. कातडी तडकून फाटली होती. चरबी जळाल्याचा तो वास दोन दिवस माह्या पदराले होता. तिसऱ्या दिवशी त्याच जागी दुसरं मेलं! मी म्हटलं, "एवढं हुशार जनावर, शिकत कावून नाही?" तू मेलेल्या डुकरापाशी उकिडवा बसून म्हणे, "जे शिकलं ते मेलं. बाकीच्यांले कोण सांगीन? माणसाचं कसं, एक मेला तं गाव शिकते, कावून की मागं राहिलेला सांगते. सगळी अक्कल तिथंच आहे, सुमे."

म्हणूनच तं तू तो नियम घातला. जो बटन दाबीन, त्यानं पयले "करंट!" म्हणून बोंबलायचं. समोरच्यानं "आयकलं!" म्हटल्याशिवाय बटनाले हात लावायचा नाही. बाजूच्या वावरातले हसायचे आपल्याले. हसू दे, तू म्हणायचा.

आणि मंग तू काय केलं? मले न विचारता अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका बिजवराले माहा होकार कळवला! माहा! तोंडानं सांगणं एवढं मोठं, तं मले कावून नाही सांगितलं रे? अजून आग होते अंगाची. टमाट्याचं भरलं कॅरेट मी तुह्या डोक्यात घातलं. कपाळ फुटलं. टमाट्याचा रस कोणता अन् रक्त कोणतं ते समजेना. तू मले अशी थापड मारली की कानात शिटी वाजली. मी तुहं मनगट धरलं अन् चावली, खारट लागेपर्यंत सोडलं नाही. "वांदरीण!" तू ओरडला. वयनीनं मधात पडून दोघांले सोडवलं, तं तिचीच बांगडी फुटून हातात घुसली.

त्या दिवसापासून अबोला. मधात वयनी. "तिले सांग, पाणी सोड." "त्याले सांग, सोडलं." एका ताटलीभर अंतरावर बसून तिसऱ्याच्या तोंडून बोलत होतो आपण. कोणत्या जनावराले जमते हे?

चौथ्या दिवशी वयनी भाजी घेऊन परतवाड्याच्या बाजारात गेली. निरोप न्यायला कोणी राहिलं नाही. दुपारी आभाळ भरून आलं अन् भरदिवसा नाल्यात डुकरं गुरगुरू लागली. तू तारेपलीकडे पाइप जोडून राहिला होता. पाठमोरा, चिखलात, उघड्या पायानं. मी बटनापाशी. शब्द जिभेवर आला होता, दादा. एवढासा शब्द. मी गिळला. मनात म्हटलं, आधी तो बोलीन, मी कावून बोलू? अन् दाबलं. वाटलं, डुकरं पळाली की लगेच बंद करीन.

तू वळला अन् तारेवरून पाय टाकला.

तुह्या तोंडून आवाज निघाला नाही. दात करकर वाजले ते मले बटनापाशी आयकू आले. अंग तारेवर थडथडत होतं, मान उलटी गेली होती. मी बटन बंद केलं तवा तू खाली पडला, अन् मांडीची कातडी फाटून तोच वास आला. मी तुह्या छातीवर बुक्क्या मारल्या, शिव्या दिल्या, "बोल ना रे, मेल्या" म्हणत थापडा मारल्या. मनगटावर माह्या दातांचे वळ हिरवे पडले होते.

पोलिसांले मी म्हटलं, "त्यानंच करंट लावला होता, विसरला असीन." एवढंच. बाकीचं गावानं जोडलं. पिऊन असीन, म्हणे. तू! ज्याले लग्नातलं पान चढायचं! वांदराएवढीबी अक्कल नव्हती, म्हणे. वर्षभर वयनीनं ते आयकलं अन् शेवटी खरं मानलं. मी गप. तुह्या मरणातून गाव काय शिकलं, तं पिऊन वावरात जाऊ नये. बाजूच्या तिन्ही वावरांत तारा अजून तशाच आहेत. माह्या डोक्यात जे आहे ते माह्यासंगंच मरीन, त्या मायसारखं. तिले तं तोंडच नव्हतं सांगायला. मले होतं.

तूबी कमी नाही हं. तीन दिवसांत एकदा "सुमे" म्हटलं असतं तं तुही काय इज्जत जात होती? पण आता तुह्याशी काय भांडू! जाऊ दे.

ती तार मी सकाळीच कुऱ्हाडीनं तोडली. वीत-वीतभर तुकडे केले. वयनी ओरडली, "सुमे, अंगात आलं का?" अन् चिडून पाण्याले गेली. आता येईन ती. मले भेव वाटते, दादा. ती हाकलून देईन मले, कदाचित माह्या डोक्यात कुऱ्हाडच घालीन. घालू दे. मी तुले वचन देते: आज तिले सांगीन, उद्या श्राद्धाले जेवायला आलेल्या साऱ्या गावाले सांगीन, अन् मंग ठाण्यात जाऊन सांगीन. कोणाच्या हाती निरोप धाडणार नाही, हा कागदबी पुढं करणार नाही. तोंडानं, मोठ्यानं सांगीन. अन् वयनी "आयकलं" म्हणेपर्यंत तिच्यासमोरून हलणार नाही.

हंड्याचा आवाज आला. आली ती.

तुही वांदरीण,
सुमी