साबूत तितर

३ जाने. ८८
साक्रीत कॅसेटच्या दुकानात उगाच बसलो होतो. बागायतदार आप्पांची जीप थांबली. म्हणाले, बस. बसलो. कुठं ते विचारलंच नाही, सवयच आहे.
आप्पांनी बाराबोर ठेवून दिली, टू-टू रायफल घेतली. बाराबोरने तितर पडतो, पण अंगभर छर्रे. दिवाळीत एक छर्रा व्याह्यांच्या दाढेखाली आला, दाढ गेली. आता पाहुण्यांच्या ताटात साबूत तितर पाहिजे. आप्पांचा हात कापतो म्हणून मी. सुरतला जत्रेत फुगे फोडायच्या गाड्यावर होतो, तेवढंच शिक्षण कामाला आलं.
ठराव जीपमध्येच. आप्पा म्हणाले, "साबूत माझा, फाटलेला तुझा."
ड्रायव्हर बापू हसला, "मंग तं तू रोज खाशी रे दिल्या."
आज सगळे फाटले. बापू आणि मी मळ्यातच भाजून खाल्ले.

६ जाने.
का फाटतात ते कळलं. गोळ्यांची दोन डबडी आहेत. एकातल्या गोळीचं नाक पोकळ, आत जाऊन फुलते, छातीचा नुसता लगदा. दुसरी भरीव, आरपार जाते. भरीवच भरायची. तीही डोक्यात, नाहीतर मानेच्या मुळाशी. छातीला हात लावायचा नाही.
तितर चालताना मान हलवत राहतो. थांबला की मान वर काढून बघतो, तेवढाच वेळ मिळतो. लांब असला तर सोडून द्यायचा.
सोडणं जमत नाही मला. शाळा तेवढी सोडली.

१० जाने.
जमलं! डोकं गेलं, अंगावर ओरखडा नाही. गरम असतानाच आतडी काढली, नाहीतर मांस आंबतं. आप्पांनी पाठ थोपटली. सगळ्यांसमोर.
मंगळवारी सव्वीसला यावलला निघायचं म्हणतात, जावयाकडे. महिनाभर सातपुड्यात फिरायचं. "निशाण असंच ठेव, तुला नेतो." केळीच्या बागा मी अजून पाहिल्या नाहीत. जेवताना, झोपताना यावलच.
घरी रिकाम्या हाताने. नानांची कावीळ उतरली, पण तोंडाला चव नाही. भाकर पाहून बाप तोंड फिरवतो, आई ताट झाकून ठेवते. माझ्या सदऱ्याला वास असेल. नानांनी विचारलं,
"तितर शे का रे?"
नाही म्हटलं. भिंतीकडे वळले.

१२ जाने.
नानांची औषधाची गोळी आणायला धुळ्याला गेलो. कुस्त्या लागल्या होत्या, बघत बसलो. दुकान बंद झालं. आईने डॉक्टरांची चिठ्ठी परत फळीवर ठेवली. बोलली असती तर बरं.

१४ जाने.
संक्रांत. पुन्हा सगळे साबूत. निशाण सुधारलं आणि घरचं पातेलं पालथं. हे आधी कसं सुचलं नाही?
आप्पांना म्हटलं, "एक साबूत द्या ना. नाना आजारी आहेत."
"ठरलंय ना आपलं? फाटव एखादा, ने."
बापू खो खो हसला. मग आप्पा म्हणाले, "पण फाटवणारा माणूस मला यावलला नको, सांगून ठेवतो." तिळगूळ मात्र दिला हातावर. वरून, लांबूनच.

१७ जाने.
फाटवला. मुद्दाम.
पोकळ नाकाची गोळी भरली. तितर मान वर काढून उभा होता, मला हवा असतो तसा. मी खाली छातीवर धरली.
आप्पांनी उचलून पाहिला, माझ्याकडे टाकला. परतताना बापूची शिट्टी चालू.
नाना उठून बसले. कितीतरी दिवसांनी. तितर हातात घेतला.
"हाऊ असा कसा फाटेल शे?"
ठराव सांगून टाकला. कशाला सांगितला...
हळूच बोलले, ओरडले असते तर चाललं असतं. "मन्हा बापनी मरेल ढोर व्हढानं सोडं. लोकेसनं फाटेल-उरेल घरमा आननं सोडं. धरम लिधा तव्हय बठ्ठं सोडं. आनि तू बंदूक लिसन तेच आनं?" आज्याने बौद्ध धर्म घेऊन मेलेली ढोरं ओढणं सोडलं, ही गोष्ट लहानपणापासून ऐकतोय.
आईने तितर परसात पुरला. मला भूक लागली होती. रागही आला. खाटेवरून उठवत नाही आणि ऐट बघा.

२१ जाने.
गेलो नाही. पडून राहिलो. बापू सांगून गेला, रविवारी ये, आप्पा शेवटचं बघणार. त्यावर यावल.

२४ जाने.
रविवार. माळावर एकच तितर दिसला. भरीव गोळी. एका गोळीत डोकं, अंग जसंच्या तसं. इतका साफ आजवर पडला नव्हता.
आप्पा खूश. हात पुढे केला, "आण."
मी पिशवीत घातला.
"अरे, आण इकडे."
"हा माझा."
"फाटलाय का?"
"नाही."
आप्पा हसले नाहीत. रायफल काढून घेतली, जीपमध्ये बसले. बापूने मागे पाहिलंही नाही. माळावरून चालत आलो. वाटेत दोनदा वाटलं, मूर्खपणा केला. अजूनही वाटतं.
नानांनी तितर उलटासुलटा केला. छातीवरून अंगठा फिरवला.
"कोना शे?"
"मन्हा."
आईकडे बघून म्हणाले, "रांध."
दोन घास खाल्ले. "चव नही लागस," म्हणाले. तरी हाड सोडेनात. चोखत बसले, डोळे मिटून.
आईने मला रस्सा वाढला. आपण नुसती भाकर घेतली.

२५ जाने.
उद्या यावलची जीप फाट्यावरूनच जाणार, मी तिथं उभा राहणार; थांबतील का, माहीत नाही. मला दुसरी वाट नाही आणि त्यांनाही नाही.
पिशवीत दोन सदरे भरून ठेवलेत. नानांनी ते पाहिलं.