चार खाती, एक चेहरा

१ तारीख, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. नोंद राहावी म्हणून आधी माझ्या हातांनी झालेल्या वस्तू: ही वही (शिवण चार दोऱ्यांची, दुकानातल्या वहीला दोनच असतात). चष्म्याच्या दुकानातला काउंटर. एक पाय दोन मिलिमीटर आखूड वाटतो, पण दोष फरशीचा. लेन्स घासायच्या चाकाचा स्टँड. हिच्या वाचायच्या चष्म्याची फ्रेम. सासूबाईंना पलंगावर चढायला लाकडी पायरी. बावीस वर्षांत अदमासे एकवीस हजार लेन्स, काठ हाताने घासलेल्या. आणि दुकानाची मेसेजयंत्रणा. ही शेवटची वस्तू मला कोणीही शिकवली नाही.

२ तारीख
दुकानात ऑटोमॅटिक मशीन आलं. चार मिनिटांत लेन्स कापतं. काठ बघितला. बरा आहे. (खरं तर चांगला आहे. पण हे इथेच राहू दे.)
धाकटे मालक म्हणाले, काका, मशीनचं मनावर घेऊ नका, तुम्ही आता मेसेज सांभाळा. एका ट्रस्टची बाराशे चष्म्यांची ऑर्डर २५ तारखेला ठरणार आहे. मिळाली तर बाराशे लोकांना मेसेज जाणार, म्हणजे तुमची खुर्ची पक्की. नाही मिळाली तर काय, असं विचारलं. ते हसले. मीही हसलो. मग दोघंही थांबलो.
लेन्स पुरवणाऱ्या माणसाने जाताना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. नाही म्हणून सांगितलं. त्यावर शाई खर्च करण्यासारखं काही नाही.

३ तारीख
यंत्रणा अशी: दुकानाच्या मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर. काळी खिडकी. तिच्यात कमांड टाइप करायची, मेसेज जातो. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. मालक म्हणतात, काका, मेसेज तर फोनवरूनही जातोच की. जातो. माणूस रांगतही बाजारात जातो.
चार खाती जोडली आहेत. दुकानाचं, मालकांचं, हिचं आणि सासूबाईंचं. शेवटची दोन सरावासाठी, परवानगी घेऊन. (ही म्हणाली होती, करा काय करायचं ते. याला परवानगीच म्हणतात.)

५ तारीख, दुपारी ३.२०
आज प्रोफाइल. म्हणजे समोरच्याला दिसणारं नाव, फोटो आणि खाली एक ओळ माहिती. दुकानाचा चेहराच तो. दुकानाचं नाव घातलं. फोटो चष्म्याचा, मीच काढलेला.
कमांड दरवेळी अडते: कोणतं खातं ते सांगा. दरवेळी पूर्ण नंबर टाइप करायचा म्हणजे बोटांची हमाली. शेवटी एक ओळ लिहिली: जी खाती सापडतील त्या सगळ्यांवर चालव. तक्रार बंद! कंपनीच्या इंजिनिअरला हे सुचलं नसतं.

६ तारीख
वेळापत्रक बसवलं. माहितीची ओळ आपोआप बदलते. साडेनऊला ‘उघडं आहे’, दीड वाजता ‘जेवणाची सुट्टी’, आठला ‘बंद’. मी काहीही करत नाही. दिवसभर काहीही न करता बसलो होतो. मशीन कापत होतं.

८ तारीख
माझ्या फोनवर दुकानाचा चेहरा झकास दिसतो.
ही म्हणाली, बहीण विचारत होती, तुझा फोटो जाऊन चष्मा कसा आला? मी म्हणालो, फोन गरम झाला की असं होतं. ही म्हणाली, गरम झाला की चष्मा घालतो का तो? माझा फोन काढून दाखवला. माझ्या फोनवर हिचा फोटो व्यवस्थित आहे, मीच सेव्ह केलेला. मी फक्त हिचाच नंबर सेव्ह करतो. बाकीचे तोंडपाठ. डोकं वापरात राहिलं पाहिजे.

१४ तारीख
मालकांनी सांगितलं की ट्रस्टच्या डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, तुमच्या फोटोखाली रोज दीड वाजता ‘जेवणाची सुट्टी’ येतं, शिस्त आवडली. मालक विचारत होते, मी तर काही लिहिलं नाही, मग हे कसं? मी गूढ हसलो. मलाही माहीत नव्हतं. पण श्रेय दारात आलं की त्याची चौकशी करू नये.

१७ तारीख
संकल्प: रोज सकाळी सगळी खाती एकेक तपासायची.

१८ तारीख
तपासली नाहीत. आज डोळे चुरचुरत होते. उद्यापासून.

२२ तारीख
मशीनच्या वायरिंगसाठी दोन दिवस दुकान बंद. फक्त ‘बंद’ लिहिलं तर गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून वेळापत्रकात तिन्ही वेळांना एकच नीट वाक्य दिलं: ‘बंद. पुढील चौकशी मालकांकडे करावी.’ चष्म्याचा फोटोही काढून टाकला. बंद दुकानाला चेहरा कशाला?

२३ तारीख, सकाळी ११.४५
भयंकर सकाळ. दहा वाजता दाराशी नऊ नातेवाईक. पुढे सासूबाईंचे धाकटे भाऊ, रुमाल डोळ्यांना लावलेला. दार उघडलं खुद्द सासूबाईंनी. मामा उंबऱ्यातच बसले. त्यांना पाणी दिलं. मग कळलं की सगळ्यांच्या फोनवर सासूबाईंच्या फोटोच्या जागी आधी चष्मा आला होता, आता तोही गेला होता, नावाच्या जागी दुकानाचं नाव होतं आणि खाली ते वाक्य.
सासूबाई ऐकून म्हणाल्या, जावईबापू, बंद झाले हे एक वेळ ठीक, पण चौकशी करायला मालकांकडे म्हणजे नेमकं कुठवर पाठवताय लोकांना? सगळे हसले. ही हसली नाही. म्हणाली, अहो, माझी आई आहे ती, तुमच्या सरावाची वही नाही.
ॲप बनवणाऱ्यांचा दोष आहे. एका खात्याचं दुसऱ्यात मिसळतं म्हणजे काय! त्यांना कडक पत्र लिहिणार.

२४ तारीख
पत्र राहिलं. आधी घर सांभाळलं पाहिजे. सासूबाईंचा फोटो काढला. दात लावायला तयार नव्हत्या. म्हणाल्या, जिवंत आहे एवढं दिसलं की झालं. नाव ‘आई’, कारण सगळे नातेवाईक तेच म्हणतात. माहिती त्यांनीच सांगितली: ‘मी ठणठणीत आहे. कोणी येऊ नये.’ दुकानाची किल्ली माझ्याकडे असतेच; जाऊन वेळापत्रक थांबवलं आणि माझ्याच ओळीतून कमांड सोडली. एका दमात काम. पडद्यावर ‘झालं’ असं चार वेळा आलं. चार चार वेळा खात्री करते. याला म्हणतात पक्कं काम!
ही दोन शब्द बोलली. ‘बघा आता.’ पण बोलली.

२५ तारीख
दुकान उघडलं. चष्मे तयार असल्याचे सतरा मेसेज पाठवले. अकराच्या सुमाराला एक गृहस्थ धापा टाकत आले. सहा वर्षांपूर्वी वारलेल्या आईचा मेसेज आला म्हणाले. चष्मा तयार आहे, पावती घेऊन ये. त्यांचा चष्मा तीन महिने पडून होता, आम्ही किती फोन केले होते. आई म्हणाली म्हणून आलो, असं म्हणाले आणि काउंटरला धरून उभे राहिले. तो चष्मा मशीन येण्याआधीचा. काठ माझा. मी स्वतः त्यांना घालून दिला.
तात्पर्य, मेसेज पोचतात.

२५ तारीख, संध्याकाळी ५.३०
ऑर्डर गेली. मालक सकाळपासून डॉक्टरीणबाईंशी मेसेजवर दर ठरवत होते. बाईंना दिसत होत्या सासूबाई. दातांशिवाय. ‘यापेक्षा कमी जमणार नाही’ असं त्या आजी सांगताहेत, खाली ‘मी ठणठणीत आहे, कोणी येऊ नये’. मालकांनी लिहिलं, भेटायला येऊ का? बाईंनी नंबर ब्लॉक केला. पुढच्या चौकातल्या दुकानाला बाराशे चष्मे.
मालक ओरडले नाहीत. मशीनजवळ जाऊन उभे राहिले. मशीन चालू होतं.

२६ तारीख
ओळ सापडली. पाच तारखेची. माझीच. सगळ्या खात्यांवर चालव, असं सांगितलं होतं, तिने चालवलं. सांगितलेलं काम तिने एकदाही चुकवलं नाही, हे मात्र लिहून ठेवायला हवं.
ही म्हणाली, मग सांगा ना मालकांना चुकलो म्हणून. तोंड आहे ना तुम्हाला, का तेही खिडकीतूनच? उद्या सांगतो म्हणालो.

२७ तारीख
सांगितलं नाही. दिवसभर खाती पूर्ववत करत बसलो, या वेळी एकेक नंबर टाइप करून. हिचं झालं. सासूबाईंचं तसंच ठेवलं, त्यांना आवडलंय. दुकानाचं झालं. मालकांच्या नंबरापाशी आलो तेव्हा मालक आत आले, म्हणाले, काका, राहू दे आता. आणि कॉम्प्युटरचा प्लग काढला.

२८ तारीख, दुपारी १.३०
जेवत होतो. फोन वाजला. पडद्यावर सासूबाईंचा फोटो. सासूबाई समोर बसून जेवत होत्या.
आई: काका, तुम्ही वडिलांच्या वेळचे. तोंडावर सांगवत नाही. १ तारखेपासून येऊ नका. हिशोब आणि वर एक महिन्याचा पगार घरी पाठवतो.
नंबर बघितला. तोंडपाठ आहे तो. खाली ओळ होतीच: मी ठणठणीत आहे. कोणी येऊ नये.
सासूबाईंनी कोणाचा मेसेज म्हणून विचारलं. तुमचाच, असं सांगितलं. त्यांना वाटलं थट्टा. म्हणाल्या, मग वाढू का अजून?

३० तारीख
स्टँड घरी आणला. काउंटर आणता येत नाही. हिने बाहेरच्या खोलीत स्टँडला जागा केली.
हिच्याच सांगण्यावरून लेन्स पुरवणाऱ्याला फोन केला. चांगला बोलला. जागा गेल्या आठवड्यात भरली म्हणाला.
दोन तारखेला त्याने काय विचारलं होतं ते आता लिहून ठेवतो. त्याच्या अकरा दुकानांचे मेसेज सांभाळायचे. तयार ॲप, साधा फोन, फक्त बटणं दाबायची. मी म्हणालो होतो, मी बटणं दाबणारा माणूस नाही. महिना बेचाळीस हजार.