तळहातावरचं प्रवाळ

४ फेब्रुवारी
आलो एकदाचा! खोली हवेशीर आहे, पलंग माझ्या एकट्याचा आणि समोरची अख्खी भिंत म्हणजे काचेची टाकी. मालक परदेशी गेलेत. ते परतेपर्यंत टाकीत छोटा समुद्र वसवायचा आणि जगवायचा, एवढंच काम. मीठ विरघळवलं, खारटपणा तपासला, पंप सुरू केला. ताईला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, भाजीत मीठ घालायला विसरणारा तू, आणि माशांना मोजूनमापून घालतोस होय रे!

१० मार्च
पाणी आता माशांना मानवेल असं झालंय. शोभेच्या माशांचे दुकानदारकाका जिवंत प्रवाळ घेऊन आले. तुकडा तोडायचा, सुपरग्लूने दगडावर चिकटवायचा. तो तिथे मूळ धरतो, पसरतो. हातमोजे घाल म्हणून दोनदा बजावलं. बाबा रे, ही शोभेची फुलं नव्हेत, प्रत्येकाला तोंड आहे, म्हणाले. ते गेले आणि घर पुन्हा गप्प झालं. हल्ली ताट घेऊन टाकीसमोरच बसतो. पंगतीला कुणी असल्यासारखं वाटतं.

१४ मार्च
हातमोजे जाड. तुकडा धरता येईना, म्हणून काढले. डाव्या तळहातात प्रवाळाची धार घुसली. टाकीवाले करतात तसं सुपरग्लूनेच जखम बंद केली. आत प्रवाळाची बारीक कच राहिली असावी.

१८ मार्च
जखमेच्या जागी हिरवट फोड. टाकीचा निळा दिवा लावला की उमलतो. मधे तोंड आहे. काकांना फोन केला. चेष्टा पुरे, डॉक्टर गाठ, म्हणाले.

१९ मार्च
दारापर्यंत गेलो, परत फिरलो. हात सुकला की जीव कासावीस होतो. टाकीत बुडवला की थांबतं. आणि, लिहायला लाज वाटते, तेव्हा एकटं वाटत नाही.

२२ मार्च
मनगटापर्यंत पसरलंय. बोटं ऐकत नाहीत. ताईचा फोन. आवाजावरूनच ओळखलं तिने. नको येऊस म्हणालो, तर म्हणाली, गप बस, उद्या येते. ती बोलत होती तेव्हा सगळी तोंडं फोनकडे वळली.

२३ मार्च
ताई आली. दार बडवतेय. वेड्या, उघड, म्हणतेय. मी कडी घालून दाराला टेकून बसलोय. परत जा म्हणालो तर रडायला लागली. उघडलं तर आधी माझा हात हातात घेईल. लहानपणापासून तशीच आहे. आणि हे नुसतं चिकटलं तरी—

उजव्या हाताने लिहितोय. डावा मांडीवर होता. आता नाही. मी हलवला नाही—

कडी काढली त्याने—

ताई, हात धरू न