पोस्ट बॉक्स एकोणतीसची चावी

मी, दिनानाथ काळूराम म्हात्रे, वय ५३, राहणार थळ, तालुका अलिबाग, धंदा तहसील कचेरीसमोर टाइपरायटरवर अर्ज लिहून देणे, इतरांची शंभरेक मृत्युपत्रं टाइप केल्यावर आज स्वतःचं करतो आहे. बुद्धी शाबूत आहे. सोमवारी मुंबईचे डॉक्टर माझ्या हृदयाची तुंबलेली नळी उघडणार आहेत. ती कशाने तुंबली ते कलम ४ मध्ये येईल. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. बायको घरातच आहे, पण दार लावून घेतलं आहे.

१. घर, मागची चौदा नारळाची झाडं आणि बँकेत असेल ते सर्व पत्नी सौ. पूनम हिला. तिला अकरा वर्षं संशय आहे की दर शनिवारी मी कुठेतरी जातो. जातो. अलिबागच्या पोस्टात. तिथे मी बॉक्स नं. २९ भाड्याने घेतलेला आहे.

२. टाइपरायटर मेहुणा विनेश यास. स्पेसबार अडकतो, बुक्की मारली की चालतो. विनेशच्या बाबतीतही मी हाच उपाय सुचवत आलो आहे.

३. आता कबुली. इथल्या साप्ताहिकात 'खाजकुयली' या नावाने गावाची टिंगल करणारं सदर येतं, ते माझं. खाली छापलेलं असतं : तक्रारी पोस्ट बॉक्स २९ वर पाठवाव्यात. पण तक्रार लिहून कोण देणार? लोक माझ्याकडेच येत. मीही मन लावून लिहिलं. माजी सरपंच सदू भगत यांनी लेखकाला जेट्टीवर उलटा टांगा एवढंच सांगितलं होतं. 'भरती येईपर्यंत' हे मी सुचवलं. खूश होऊन त्यांनी चहा पाजला. शनिवारी ते पत्र मीच फोडलं. फार जोरकस उतरलं होतं. मूळ प्रत त्यांना सन्मानाने परत करावी.

४. येसूबाई. यांची कचेरीमागे खानावळ आहे. आठ वर्षांपूर्वी मी सदरात लिहिलं की एका खानावळीत तिसऱ्यांच्या कालवणात शिंपल्यांबरोबर निम्मा समुद्रकिनाराही वाढतात. नाव दिलं नव्हतं. पुढच्या शनिवारी बॉक्समध्ये कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं पत्र होतं. मी न लिहिलेलं तेवढंच एक :

"दिनाभाऊ, त्या दिशी संकष्टी व्हती. तिसऱ्या एकट्या तुमीच खाल्ल्यात. कोनाला बोलनार न्हाय. पन येकदा लिवा, कालवन बरं व्हतं म्हनून."

खरं होतं. सगळी कचेरी साबुदाण्यावर आणि मी एकटा पडद्यामागे. (पूनम, रात्री चंद्र बघून तुझ्याबरोबर उपास सोडला तो मीच.)

येसूबाईंनी शब्द पाळला. आठ वर्षं रोज वाढलं, 'अजून घ्या' म्हणाल्या, त्यापलीकडे अवाक्षर नाही. मी मात्र लिहिलं नाही. खाजकुयलीने एकाचं बरं लिहिलं की उद्या सगळेच मागायला येतील, ही भीती. त्या रोजच्या 'अजून घ्या'चा हिशेब आता डॉक्टर बघतील.

५. पोस्टाचा बॉक्स वारसाने मिळत नाही, नियम आहे. म्हणून येसूबाईंच्या नावाचा नवा अर्ज टाइप करून चावीसोबत खणात ठेवला आहे. फक्त सही हवी. माझ्यामागे सदरही त्यांनीच चालवावं. पेन्सिलीने लिहिलं तरी हरकत नाही. या मृत्युपत्रावर तक्रारी येतीलच, त्या त्यांनी आरामात बसून वाचाव्यात.

६. हे कलम मात्र माझ्या मरणाची वाट बघणार नाही. येत्या गुरुवारच्या अंकात, मी शुद्धीवर असो वा नसो, खाजकुयलीच्या नावाने एवढंच छापावं :

कालवण बरं होतं. वाळू होती. तरी दोनदा मागून घेतलं.

साक्षीदाराने सही होताना बघायची असते, मजकूर वाचायचा नसतो. त्यामुळे पहिला साक्षीदार मी निर्धास्तपणे निवडला आहे.

(सही) दिनानाथ काळूराम म्हात्रे

आमच्यासमक्ष सही झाली :
१. सदू भगत, माजी सरपंच, थळ
२. गणराज ठाकूर, पोस्टमन, अलिबाग

मुक्काम थळ, दि. १४ नोव्हेंबर २०२५